भोपाळची घरे आणि रावपुऱ्यातले वाडे

(मंडळाच्या श्रावणातील सभेत रावपुऱ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या हिवाळ्यात मंडळातले आम्ही बावीस जण भोपाळचे मानव संग्रहालय पाहून आलो. गेलो होतो सहलीला. पण परतीच्या गाडीत डबे उघडले आणि बोलणे सुरू झाले ते रावपुऱ्यातल्या, दांडिया बाजारातल्या, वाडीतल्या आपल्याच घरांवर. ते बोलणे बडोदे स्टेशन आले तरी संपेना. म्हणून कार्यकारिणीने सांगितले, "काय पाहिलेत आणि काय ठरवलेत, ते सगळ्यांसमोर एकदा मांडा." आम्ही सगळ्यांच्या वतीने ते मांडतो आहोत.

आधी संग्रहालयाविषयी. संग्रहालय म्हटले की आपल्याला सयाजीबागेतली इमारत आठवते. दालने, काचेची कपाटे, कपाटात वस्तू. भोपाळला तसे नाही. श्यामला टेकडीवर, मोठ्या तलावाच्या काठाने, सुमारे दोनशे एकर जागा आहे आणि तिथे मांडलेली वस्तू म्हणजे घर. अख्खे घर. पायवाटेने चालत जायचे, वाकून दारातून आत शिरायचे, ओसरीवर टेकायचे. देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या लोकांना बोलावून, त्यांच्याच सामानाने आणि त्यांच्याच हातांनी ही घरे तिथे उभी केलेली आहेत. नाव इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय. संस्था १९७७ साली दिल्लीत सुरू झाली आणि पुढे भोपाळला आली.

ही कल्पना मूळची स्वीडनची. तिथे आर्थर हेझेलियस नावाच्या गृहस्थांनी पाहिले की कारखाने येत आहेत, खेड्यातली माणसे शहरात चालली आहेत आणि मागे लाकडी घरे ओस पडत आहेत. त्यांनी ती घरे सोडवून स्टॉकहोमला आणली आणि १८९१ साली 'स्कान्सेन' उघडले. आपल्याकडे पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू होत होता, साधारण तोच काळ. आज स्कान्सेनमध्ये सुमारे दीडशे जुन्या इमारती आहेत आणि तशी संग्रहालये जगभर झाली आहेत. आपल्याकडे चेन्नईजवळ मुट्टुकाडूला 'दक्षिणचित्र' आहे. तिथे दक्षिणेतली जुनी घरे सोडवून, आणून पुन्हा जोडली आहेत. ते १९९६ साली खुले झाले.

तुम्ही विचाराल, घर सोडवून नेता येते म्हणजे काय? इथेच लाकडाची खुबी आहे. विटांची भिंत पाडली की हाती येतो रोडा. लाकडी घराचे तसे नाही. खांबाचे टोक तुळईच्या भोकात बसवलेले, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, आणि सांध्यात लाकडाचीच मेख. ज्या क्रमाने जोडले त्याच्या उलट क्रमाने सोडवता येते. प्रत्येक तुकड्यावर आकडा घातला की दुसऱ्या गावी नेऊन तेच घर पुन्हा उभे करता येते. त्यासाठी सुताराला सांधा कळावा लागतो. म्हणजे घर टिकते ते लाकडाने आणि सांधा जाणणाऱ्या हातांनी, दोघांच्या मिळून.

भोपाळला आमचे सगळ्यांत जास्त पाय रेंगाळले ते राठवांच्या घरापाशी. राठवा म्हणजे परके कोणी नाहीत. छोटाउदेपूर इथून शंभरेक किलोमीटर, आणि २०१३ सालापर्यंत तो आपल्याच वडोदरा जिल्ह्याचा भाग होता. लाकडी खांब, मातीने लिंपलेल्या भिंती, कौले, आणि ओसरीच्या आतल्या भिंतीवर बाबा पिठोरांचे घोडे. नवस फेडायला घरधनी ते चित्र लिहवून घेतो. काढणारा तो लखारा आणि पूजा सांगणारा बडवो. चित्र 'काढले' असे ते म्हणत नाहीत, 'लिहिले' म्हणतात. शंभर किलोमीटरवरची ही गोष्ट आमच्यापैकी निम्म्या लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती भोपाळला जाऊन.

वारल्यांच्या घरात मात्र आमच्यातल्या एका आजी एकदम घरच्यासारख्या वावरू लागल्या. भिंती कारवीच्या, वरून शेणमातीचे लिंपण. आजींचे बालपण डहाणूच्या बाजूचे. त्यांनी शिंके ओळखले, कणगी ओळखली, दळणाची जागा दाखवली. मग वर छपराकडे बघून त्या म्हणाल्या, "सगळं छान आहे, पण इथे चूल कोण पेटवतं? धूर लागला नाही तर या लाकडाला कीड लागेल."

मंडळी, ते वाक्य आम्हाला पुरले. गावाकडच्या घरात रोज चूल पेटते, धूर आढ्यापर्यंत चढतो आणि वाशांना, पेंढ्याला किडीपासून राखतो. दर दिवाळीला सारवण होते, दर पावसाआधी छप्पर शाकारले जाते. राहत्या घरात हे सगळे आपोआप होत असते. संग्रहालयात तेच काम पगारी माणसे ठेवून, ठरवून करावे लागते. ते ती निष्ठेने करतात, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण लाकडाचे घर माणसांच्या वावराने जगते, हे आजींनी एका वाक्यात सांगितले.

आता आपल्याकडे वळू या. लाकडाच्या बाबतीत आपला मुलूख काही साधासुधा नाही. गायकवाडांचे पहिले ठाणे सोनगड, आणि सोनगड-व्यारा भागातली सागाची जंगले संस्थानातच होती. 'वलसाडी साग' हा शब्द आजही लाकडाच्या वखारीत मानाने उच्चारला जातो. शेजारच्या संखेड्याचे खरादी लाखेचे रंग चढवून जो झोपाळा करतात, तो आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजही कुरकुरतो आहे.

आणि या संपत्तीचे पुढे काय झाले, याचीही एक गोष्ट ऐका. पाटण हे बडोदे संस्थानातले गाव. तिथे वाडी पार्श्वनाथाचे जैन मंदिर होते, सोळाव्या शतकाच्या अखेरचे. त्याचा मंडप सागवानी. वर घुमट, घुमटाला कोरीव नर्तकी आणि वादक. तो मंडप आज पाटणला नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहे. लॉकवुड डी फॉरेस्ट नावाचे एक अमेरिकन कलावंत होते. त्यांनी अहमदाबादच्या हठीसिंग घराण्यातल्या मगनभाईंबरोबर १८८१ साली तिथे कोरीव लाकूडकामाचा कारखाना काढला होता. ते आणि त्यांचे बंधू यांनी १९१६ साली हा मंडप त्या म्युझियमला दिला. तिथे तो उत्तम जपला आहे, लाखो लोक बघतात. तो नेला नसता तर कदाचित सरपण झाला असता. पण पाटणच्या माणसाला तो बघायचा तर आता व्हिसा लागतो.

मंडप निदान अख्खा गेला. त्यानंतर गुजरातच्या शहरांतून जे गेले ते तुकड्या-तुकड्यांनी गेले. घर पाडायचे ठरले की भंगारवाल्याच्या आधी जुन्या वस्तूंचा व्यापारी येतो. दरवाजा वेगळा, हस्त वेगळा, खांब वेगळे. दरवाज्याचे पुढे हॉटेलात टेबल होते, हस्ताचा दिव्याचा स्टँड होतो. लाकूड वाचते, पण ते कुठल्या घराचे, कुठल्या बाजूचे, त्याच्यावर कोणती तुळई होती, हे सगळे पुसले जाते. नुसत्या हस्तावरून घर वाचता येत नाही, जसे एका अक्षरावरून पत्र वाचता येत नाही.

अशा वेळी रावपुऱ्यातच उभ्या असलेल्या एका घराची किंमत कळते. तांबेकरांचा वाडा. विठ्ठल खंडेराव, म्हणजे भाऊ तांबेकर, १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. तेव्हा गादीवर गणपतराव महाराज होते. वाडा विटांचा आणि लाकडाचा. आतल्या भिंती, कोनाड्यांच्या मधल्या जागा, दारांची पाने, छत, सगळे रंगवलेले. कृष्णलीला आहेत, महाभारतातले प्रसंग आहेत, मराठे आणि इंग्रज यांच्या लढाया आहेत, फुलपात्रे आहेत, आणि मध्येच गोऱ्या मडमाही आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या बडोदेकराला जग कसे दिसत होते ते त्या भिंतींवर आहे. आज हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे.

भोपाळहून आल्यावर आम्ही सगळे एका रविवारी तांबेकर वाड्यात गेलो. आमच्या बावीस जणांपैकी नऊ जण आयुष्यात प्रथमच आत जात होते. त्यातले सहा जण जन्माने रावपुऱ्याचे. भोपाळ पाचशे किलोमीटरहून अधिक लांब, आणि हा वाडा चालत दहा मिनिटांवर.

तिथे आम्ही भोपाळच्या डोळ्यांनी पाहिले. चित्रे तर पाहिलीच, पण त्याआधी खांब पाहिले, तुळया पाहिल्या, कडीपाट पाहिला. आणि लक्षात आले की घर दोन भाषांत बोलते. मालक दक्षिणी, सुतार गुजराती. आपण कोनाडा म्हणतो, मिस्त्री गोखलो म्हणतो. आपली माडी, त्याची मेडी. आपला जिना, त्याचा दादर. आपला झोपाळा, त्याचा हिंचको. आपला ओटा, त्याचा ओटलो, आणि खरे सांगायचे तर आपणही आता ओटलाच म्हणतो. पुण्याचा वाडा आणि अहमदाबादची हवेली यांच्यामधले हे जे घर आहे, ते फक्त बडोद्यात झाले. ते पुण्यात जपले जाणार नाही आणि अहमदाबादलाही नाही. जपायचे तर इथेच.

अहमदाबादचे नाव निघालेच आहे, तर तिथल्या लोकांनी काय केले तेही सांगू. २००१ च्या भूकंपात तिथे नव्या सिमेंटच्या कित्येक इमारती कोसळल्या. जुन्या शहरातल्या पोळींमधली लाकडी सांगाड्याची बरीच घरे मात्र हादरली, तडे गेले, पण उभी राहिली. लाकडाचे सांधे थोडे हलतात, धक्का पोटात घेतात, म्हणून. २०१७ साली युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर म्हणून मान्यता दिली. त्यात राजवाडे-मशिदी होत्याच, पण या राहत्या पोळीही होत्या.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. या सभागृहात बसलेल्या बहुतेक घराण्यांचा कुठे ना कुठे वाडा होता. काहींचा अजून आहे. काहींचा गेला. ज्यांचा गेला त्यांना दोष द्यायला आम्ही इथे उभे नाही. वाडा का जातो, हे आपल्याला माहीत आहे. चार भाऊ, अकरा वारस, सातबाऱ्यासारखी लांब यादी. खालच्या मजल्यावर जुने भाडेकरू, भाडे चहाच्या कपाइतके. आईला जिना चढवत नाही, संडास मागच्या चौकात. दर पावसाळ्यात कौले फिरवायला माणूस मिळत नाही. वाळवी लागली तर तुळई बदलायला लागणारा साग आजच्या भावात परवडत नाही. मुले पुण्याला, टोरांटोला. अशा वेळी बिल्डर दारात उभा राहिला, तर त्याला चहा विचारणारा माणूस वाईट नसतो, दमलेला असतो.

आमच्याच गटातल्या एका कुटुंबाचा वाडा दिवाळीनंतर उतरवायचा ठरला आहे. गाडीतले ते न संपणारे बोलणे त्यांच्यापासूनच सुरू झाले. काही जण म्हणाले, "विकू नका, आपण सगळे मिळून काहीतरी करू." त्यावर त्या घरातल्या सूनबाईंनी शांतपणे विचारले, "काका, तुम्ही सगळे मिळून म्हणजे नेमके कोण? आणि नळ फुटला की रात्री येणार का?" डब्यात अर्धा मिनिट कोणी बोलले नाही. प्रश्न रास्त होता. दुसऱ्याचा वाडा वाचवा असे सांगणे फार सोपे असते.

मग एका निवृत्त शिक्षकांनी मार्ग काढला. ते म्हणाले, "वाडा राहावा की जावा, हे घरचे ठरवतील. पण तो कसा होता हे लिहून ठेवायला कोणाची परवानगी अडते आहे?" सूनबाई म्हणाल्या, "या की. उलट मला आवडेल."

मंडळी, आमचे सगळे सांगणे या दोन वाक्यांत आहे. त्यानंतर आम्ही तीन रविवार त्या वाड्यात गेलो. टेप घेऊन खणांची मापे घेतली. खांब मोजले. तळखड्यापासून आढ्यापर्यंत उंची टिपली. प्रत्येक दाराचे आतून-बाहेरून फोटो काढले, आणि मुद्दाम सांध्यांचे काढले, कारण नक्षीचे फोटो सगळेच काढतात. मग घरातल्या थोरल्या काकूंना मधल्या चौकात खुर्चीवर बसवले आणि मोबाइल चालू करून म्हटले, "काकू, एकेक खोली सांगा."

काकू दोन तास बोलत होत्या. ही देवडी, इथे परका माणूस थांबायचा. ही बाळंतिणीची खोली, हिला बाहेरून झरोका का नाही ते. या खुंटीला सासऱ्यांची पगडी. या फडताळात दिवाळीचे डबे, आणि मुलांचा हात पोहोचू नये म्हणून वरचा कप्पा. गणपतीचा कोनाडा हा, आणि गौरी मात्र माजघरात, कारण त्या माहेरवाशिणी, त्यांना बाहेर का बसवायचे? गणेशपट्टीवरचा गणपती झिजला आहे तो उन्हापावसाने नाही, येता-जाता चार पिढ्यांनी हात लावला म्हणून. त्यांचा नातू बाजूला उभा होता. चोवीस वर्षांचा, याच घरात वाढलेला. तो म्हणाला, "आजी, हे मला कधीच का नाही सांगितलंस?" काकू म्हणाल्या, "तू कधी विचारलंस?"

भोपाळच्या घरांना हेच नाही. तिथे पाटी आहे, माप आहे, जमातीचे नाव आहे. पण या खुंटीला कोणाची पगडी होती, हे सांगणारे कोणी नाही. संग्रहालय घर राखू शकते. घराची माहिती फक्त घरची माणसे राखू शकतात, आणि त्यातली बरीच आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. लाकूड कदाचित अजून पन्नास वर्षे थांबेल. ती थांबणार नाहीत.

म्हणून मंडळाच्या वतीने आमची विनंती अशी. ज्यांचा वाडा उतरणार आहे, त्यांनी आम्हाला एक महिना आधी नुसता फोन करावा. आम्ही येऊ, मापे घेऊ, फोटो काढू, बोलणे टिपू. त्याची एक प्रत तुमच्या घराला, एक मंडळात. विकू नका असे आम्ही एका शब्दाने म्हणणार नाही. फक्त एवढेच सुचवू की लाकूड विकायचेच असेल तर एखादा दरवाजा किंवा एक खणाचा कडीपाट नव्या इमारतीत बसवून घ्या. बिल्डरला आधी सांगितले तर ते होते, नंतर होत नाही.

ज्यांचा वाडा उभा आहे, त्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पावसाआधी गळती बंद करा, कारण लाकडाचा खरा वैरी पाणी आहे. खांबाच्या पायथ्याशी ओल राहू देऊ नका, तिथूनच वाळवी चढते. आणि कोरीव कामावर ऑइल पेंटचे थर चढवू नका. अळशीचे तेल लावा, लाकूड दिसूही द्या.

ज्यांचा वाडा केव्हाच गेला, त्यांनी आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसासमोर कागद ठेवून जुन्या घराचा नकाशा काढून घ्यावा. मापे चुकली तरी चालतील. चूल कुठे, देव कुठे, झोपाळा कुठे, कोण कुठे निजायचे. आणि त्या त्या जागेला घरात जो शब्द होता, तोच लिहावा. मराठी असो की गुजराती.

हे काम आपल्याला जमण्यासारखे आहे. संग्रहालयशास्त्र हा विषय देशात सर्वांत आधी ज्या विद्यापीठाने शिकवायला घेतला, ते आपले महाराजा सयाजीराव विद्यापीठ, साल १९५२. वास्तुकला शिकणारी मुलेही इथेच आहेत. मापे घ्यायला कोण येईल असे विचारले, तर दोन विद्यार्थिनी आपण होऊन आल्या, आणि त्यांच्यातली एकही मराठी नव्हती. सुतारकाम जाणणारे दोन वयस्क मिस्त्रीही आमच्याबरोबर आले. सांध्यांची नावे त्यांनीच सांगितली, आम्ही फक्त लिहून घेतली.

गणपतीची मूर्ती आपण दर वर्षी पाण्यात सोडतो आणि दर वर्षी नवी आणतो. ते जमते, कारण मूर्ती घडवणारा हात आणि पूजा सांगणारे तोंड घरोघर शिल्लक आहे. वाड्याचेही तसेच आहे. वाडे जातील, काही राहतील. पण ते कसे बांधले आणि त्यात कसे राहिलो, हे सांगणारे कोणी उरले तरच आपली नातवंडे तांबेकर वाड्यात जाऊन नुसती चित्रे न पाहता ते घर म्हणून पाहू शकतील.

उत्सवाच्या दहाही दिवस मंडपात उजव्या हाताला एक टेबल असेल. त्यावर कोरे कागद, पेन्सिली आणि एक जाड वही. आरतीला याल तेव्हा घरातल्या आजी-आजोबांना, काका-काकूंना पाच मिनिटे तिथे बसवा. नकाशा काढायला आम्ही मदत करू. वहीचे पहिले पान थोरल्या काकूंच्या वाड्याचे आहे. दुसरे पान कोरे आहे.

गणपती बाप्पा मोरया!